पाण्याचा जमाखर्च : बदलत्या हवामानाचें लोकशिक्षण

हवामान बदलत आहे, हें शेतकऱ्यास आतां कोणी निराळें सांगावें लागत नाहीं. मृगाचा पाऊस रोहिणींतच कोसळावा, पुढें आर्द्रा कोरडी जावी, आणि कापणीस आलेली बाजरी परतीच्या पावसांत भिजून कणसांतच उगवावी, असे प्रकार हल्लीं वरचेवर घडूं लागले आहेत. प्रश्न आहे तो असा कीं, हें कळून आम्ही करावयाचें काय ? संकट येत आहे एवढें समजल्यानें संकट टळत नाहीं. शाळांतून, ग्रामसभांतून व बांधावरच्या वर्गांतून या विषयाचें जें लोकशिक्षण गेल्या तीस-चाळीस वर्षांत झालें, त्यांतील कोणतें गुणास आलें, कोणतें वायां गेलें, आणि कां, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. लेख विद्यार्थ्यांसाठीं आहे. तथापि त्यांनीं तो घरीं वडीलधाऱ्यांस वाचून दाखविल्यास आमचा हेतु अधिक सफल होईल.

या प्रश्नाची निकड आम्हां शिक्षकांस पुस्तकांवरून कळत नाहीं. ती हजेरीपटावरून कळते. अवर्षणाच्या तालुक्यांत खरीप बुडालें कीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतली जाते, आणि धाकट्या भावंडांस सांभाळण्यासाठीं म्हणून शाळेंतील मुलगीही कारखान्याच्या तळावर जाते. ती परत येते तेव्हां परीक्षा तोंडावर आलेली असते. गांवच्या विहिरीचें पाणी आटलें कीं वर्गांतील बांक रिकामें होतें, असा हा सरळ संबंध आहे. म्हणून पाण्याचें शिक्षण हा शाळेचा फावल्या वेळचा उद्योग नव्हे; शाळा भरलेली राहण्याची ती एक अट आहे.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. या विषयाच्या ग्रंथांत ‘शमन’ व ‘अनुकूलन’ हे शब्द वारंवार येतात. स्वयंपाकघरांत धूर कोंडला आहे अशी कल्पना करा. चुलींतील ओलें लांकूड बाहेर ओढणें, म्हणजे धूर मुळांतच कमी करणें, हें शमन. खिडकी उघडणें, लेंकरांस ओसरीवर नेणें, म्हणजे झालेल्या धुरांतून निभावून जाण्याची सोय करणें, हें अनुकूलन. शहाणी गृहिणी दोन्ही गोष्टी एकाच वेळीं करते. नुसती खिडकी उघडून ओलें लांकूड जळतें ठेवलें तर खिडकी पुरत नाहीं. आणि लांकूड काढलें तरी कोंडलेला धूर लागलाच जात नाहीं, तोंवर लेंकरें गुदमरतात. पृथ्वीच्या हवेचीही स्थिति अशीच आहे.

हा धूर कोणता, हें शास्त्रज्ञांस बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. आयर्लंडांत जन्मलेले जॉन टिंडल यांनीं १८५९ सालीं प्रयोग करून दाखविलें कीं, हवेंतील पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड हे वायु उष्णता अडवून धरतात. पुढें १८९६ सालीं स्वीडन देशचे स्वांते अऱ्हेनियस यांनीं, हवेंतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचें गणित मांडलें. यंत्रयुगापूर्वीं या वायूचें प्रमाण हवेच्या दर दहा लक्ष भागांत सुमारें २८० भाग होतें. १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर त्याचें नित्य मापन सुरू झालें, तेव्हां तें सुमारें ३१५ भाग होतें. आज तें ४२० च्या वर गेलें आहे. ही वाढ मुख्यतः कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायु जाळल्यानें आणि जंगलें तोडल्यानें झाली आहे.

हवा तापली म्हणजे पाऊस सर्वत्र कमी होतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. हवेचें उष्णमान एक अंश सेल्सिअसनें वाढलें कीं तिची वाफ धरण्याची शक्ति सुमारें शेंकडा ७ नें वाढते. म्हणजे हवा अधिक पाणी उचलते, आणि ओतते तेव्हां एकदम ओतते. १९५० ते २०१५ या काळांतील नोंदी तपासून २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, मध्य भारतांत विस्तीर्ण प्रदेशावर एकाच वेळीं होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग या अवधींत सुमारें तिप्पट झाले. वर्षाच्या पावसाची बेरीज तीच राहिली तरी तो थोड्या दिवसांत पडून गेला, आणि मध्यें तीन-तीन आठवडे आभाळ कोरडें राहिलें, तर पीक वाळतेंच. आणि जो पाऊस पडतो तोही माती घेऊन ओढ्यास मिळतो. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेंत येणाऱ्या अहिल्यानगर, बीड, सोलापूर अशा जिल्ह्यांस हा फरक विशेष जाचतो. कारण तेथें मुळांतच हात राखून खर्चावा असा पाऊस नाहीं.

लोकांस शिकविल्यावांचून यांतून मार्ग नाहीं, हें राष्ट्रांनीं मान्य केलें आहे. १९९२ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक करारांतील सहावें कलम, आणि २०१५ सालच्या पॅरिस करारांतील बारावें कलम, हीं दोन्ही शिक्षण, प्रशिक्षण व लोकजागृति यांसंबंधींच आहेत. आपल्या देशांत सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालींच पर्यावरण हा विषय शाळांतून आवश्यक करावा असा निर्देश दिला. त्याप्रमाणें पुस्तकें झालीं, धडे झाले, चित्रस्पर्धा व प्रभातफेऱ्या झाल्या. यांचा आम्ही अनादर करीत नाहीं. परंतु हरितगृह वायूंचीं नांवें घोकून पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या परसांतील विहीर किती हात खोल आहे हें सांगतां येत नसेल, तर त्या शिक्षणाचें मूळ जमिनींत गेलें नाहीं असें म्हणणें प्राप्त आहे.

ज्या ठिकाणीं अशा शिक्षणाचें मूळ धरलें, त्या ठिकाणांचा विचार करितां आम्हांस तेथें तीन पाठ क्रमानें दिलेले दिसतात : पहिला मापाचा, दुसरा श्रमाचा व तिसरा नियमाचा. आमचें म्हणणें थोडक्यांत एवढेंच आहे कीं, पहिले दोन पाठ होऊन तिसरा राहिला तर पहिल्या दोहोंचें फळ हातचें जातें.

पहिला पाठ : माप

पावसाचें माप हें अत्यंत सोपें आहे. सरळ उभ्या बाजूंचा एखादा डबा उघड्यावर ठेवावा व त्यांत किती मिलीमीटर पाणी सांचलें तें पट्टीनें पाहावें. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. म्हणून एका हेक्टरावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हें एवढें कोष्टक पाठ असलें म्हणजे पुढील हिशेब पांचवीच्या मुलासही करतां येईल.

समजा, एका गांवाचें शिवार एक हजार हेक्टर आहे, लोकवस्ती दोन हजार आहे, आणि वर्षास ४०० मिलीमीटर पाऊस पडतो. एकंदर पाणी झालें ४०० कोटि लिटर. हा आंकडा ऐकून कोणासही वाटेल कीं गांवांत टँकर येण्याचें कारणच काय ! परंतु यांतील पुष्कळसें पाणी वाफ होऊन उडतें, कांहीं पिकें व गवत पितात, आणि कांहीं वाहून जातें. आपल्याकडील काळ्या पाषाणांत मुरून विहिरीस लाभणारें पाणी शेंकडा दहाच्या आगेंमागें धरण्यास हरकत नाहीं. म्हणजे विहिरींच्या वांट्यास आलें ४० कोटि लिटर. आतां माणशीं रोज ५५ लिटर, हें सरकारी नळयोजनेचें प्रमाण धरल्यास, दोन हजार माणसांस वर्षभर पिण्यास व वापरण्यास लागतें सुमारें ४ कोटि लिटर. तें बाजूस काढून, गुरांढोरांचा वांटा तूर्त सोडून दिला, तर शेतीस उरलें ३६ कोटि.

या ३६ कोटींचें काय करावयाचें ? उसास वर्षांत सुमारें दोन हजार मिलीमीटर पाणी लागतें. त्यांतील ४०० पावसानें दिलें असें धरलें तरी दर हेक्टरीं १६०० मिलीमीटर, म्हणजे १ कोटि ६० लक्ष लिटर पाणी विहिरींतून काढावें लागेल. या हिशेबानें अवघ्या २२ हेक्टर उसांत गांवचें सर्व पाणी संपतें. रब्बीच्या ज्वारीस तीन पाणी दिलीं, व एका पाण्यास हेक्टरीं सात लक्ष लिटर धरलें, तर तेंच पाणी सुमारें १७० हेक्टरांस पुरतें. ठिबकानें उसाचा खर्च बराच कमी करतां येतो. परंतु दोन पिकांतील अंतर त्यानें नाहींसें होत नाहीं. एक हजार हेक्टरांच्या शिवारांत बावीस हेक्टरांचे मालक पाणी संपवूं शकतात, आणि उरलेल्यांनीं कोयता उचलावा लागतो, ही गोष्ट कोणी व्याख्यान देऊन सांगितली तर भांडण होतें. पाटीवर हिशेब मांडून दाखविली तर विचार सुरू होतो.

असा विचार मोठ्या प्रमाणावर घडवून आणण्याचा एक प्रयत्न तत्कालीन आंध्र प्रदेशांत झाला. त्या राज्याच्या सात दुष्काळी जिल्ह्यांतील सहाशेंहून अधिक गांवांत २००३ सालापासून शेतकऱ्यांस भूजलाचें शिक्षण देण्यांत आलें. पुढें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेचें साहाय्य त्यास लाभलें. या योजनेचा विशेष असा कीं, तींत पाणी वांचविण्याबद्दल कोणास अनुदान दिलें नाहीं, अथवा पाणी उपसल्याबद्दल दंडही केला नाहीं. गांवांतील स्त्रीपुरुष स्वतः पाऊस मोजीत, ठराविक विहिरींची पातळी मोजीत, आणि ते आंकडे गांवच्या भिंतीवर सर्वांस दिसतील असे रंगवीत. रब्बीच्या पेरणीपूर्वीं सर्वांनीं एकत्र बसून यंदा जमिनींत पाणी किती व मनांत योजिलेल्या पिकांस लागणार किती, याचा ताळा घालावयाचा. मग ज्यानें त्यानें आपल्या शेतापुरता निर्णय घ्यावयाचा. पुष्कळांनीं भातासारखीं तहानेलीं पिकें कमी केलीं, आणि कित्येक ओढ्यांच्या खोऱ्यांत उपसा घटला. अक्षरशत्रु मानलेला शेतकरी हा योग्य रीतीनें शिकविल्यास आपल्या खडकाचा जाणता होतो, हें या प्रयोगानें सिद्ध झालें.

दुसरा पाठ : श्रम

मापानें पाणी कळतें, वाढत नाहीं. तें वाढविण्यास हात लागतात. डोंगरावरून वाहून जाणारें पाणी व माती जागोजाग बांध घालून अडवावी, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत तो मांडला होता. कामाचा क्रमही ठरलेला आहे. पाणी माथ्यापासून पायथ्याकडे येतें, म्हणून काम माथ्यापासून सुरू करावयाचें : वर समपातळींत चर खणावयाचे, उतारावर गवत व झाडें लावावयाचीं, शेतांस बांध घालावयाचे, घळींत दगडांच्या ताली रचावयाच्या, आणि सर्वांत शेवटीं ओढ्यावर बंधारा घालावयाचा. धावणाऱ्या पाण्यास चालावयास लावणें, चालणाऱ्यास थांबविणें, व थांबलेल्यास मुरविणें, असें या विद्येचें सार आहे.

परंतु हें काम आणि हें शिक्षण यांची सांगड कशी घालावी, याचा वस्तुपाठ आपल्या भागांतील एका ख्रिस्ती सेवकानें घालून दिला. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु. ते १९४८ सालीं हिंदुस्थानांत आले व त्यांनीं आपलें आयुष्य मुख्यत्वें नगर जिल्ह्याच्या शेतकऱ्यांच्या सेवेंत वेंचिलें. विहिरी खणून व पंप बसवून दुष्काळ हटत नाहीं, पाण्याचा सांठाच वाढविला पाहिजे, असें त्यांच्या अनुभवास आलें. जर्मन सरकारचें अर्थसाहाय्य व नाबार्ड ही राष्ट्रीय बँक यांच्या द्वारें १९९० नंतरच्या दशकांत जो इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम चालला, त्याची प्रेरणा त्यांची होती. आणि त्यासाठीं लोकांस तयार करण्याकरितां १९९३ सालीं त्यांनीं व क्रिस्पिनो लोबो यांनीं वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापिली. फादर बाखर २०२१ सालीं निवर्तले.

या कार्यक्रमांतील एक गोष्ट प्रत्येक शिक्षकानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. गांवानें अर्ज केला म्हणून पैसा लागलाच मिळत नसे. आधीं गांवकऱ्यांनीं श्रमदान करून आपली तयारी दाखवावयाची, मोकाट चराई व वृक्षतोड बंद करण्याचें कबूल करावयाचें, आणि प्रथम शिवाराचा एक लहानसा तुकडा हातीं घेऊन तेथें काम शिकावयाचें. हा शिकण्याचा काळ संपल्यावर मगच संपूर्ण पाणलोटाचें काम मंजूर होई. आराखडाही कचेरींत बसून होत नसे; शिवारफेरी काढून, गटागटांतून हिंडून, त्या त्या शेतकऱ्याशीं त्याच्या बांधावर बोलून तो होई. म्हणजे आधीं शाळा, मग पैसा, असा हा क्रम होता. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडी हें गांव या रीतीनें सुधारलें. जेथें उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागे, तेथें विहिरींस पाणी आलें. आणि पुढें त्याच गांवीं इतर गांवांच्या लोकांस शिकविण्याचें केंद्र उभें राहिलें. विद्यार्थी गुरु झाला, यापरतें शिक्षणाचें दुसरें यश कोणतें ?

अलीकडे २०१६ सालापासून पानी फाउंडेशननें ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही गांवांची स्पर्धा भरवून याच कामास उत्सवाचें रूप दिलें. पहिल्या वर्षीं ३ तालुके होते. २०१७ सालीं ३०, २०१८ सालीं ७५ व २०१९ सालीं ७६ झाले. प्रत्येक गांवांतून निवडक स्त्रीपुरुषांस आधीं निवासी शिक्षण द्यावयाचें, व मग त्यांनीं गांव कामास लावावयाचें, अशी त्याची पद्धत होती. हजारों लोक पहांटे टिकाव-घमेलीं घेऊन डोंगरावर गेले. हा उत्साह कौतुकास्पद खरा. परंतु अडविलेलें पाणी पुढें वापरावें कसें, हा प्रश्न स्पर्धेचे दिवस संपल्यावरच उभा राहतो.

तिसरा पाठ : नियम

उत्पत्तीच्या पुस्तकांतील योसेफाची कथा आमच्या सर्व विद्यार्थ्यांस माहीत आहे. सात वर्षें सुबत्तेचीं आणि सात वर्षें दुष्काळाचीं येणार, हें त्यानें ओळखिलें; परंतु मिसर देश वांचला तो केवळ या भविष्यज्ञानानें नव्हे. सुबत्तेच्या वर्षांत धान्याचा पांचवा हिस्सा बाजूस काढण्याची व्यवस्था केली, म्हणून तो वांचला. ज्ञानाचें रूपांतर व्यवस्थेंत झालें नसतें तर ती कथा केवळ एका स्वप्नाची राहिली असती.

आपल्या प्रांतांत अशी व्यवस्था करून दाखविणारीं उदाहरणें आहेत. पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनीं १९७२ सालचा दुष्काळ पाहून पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें काम आरंभिलें व ‘पाणी पंचायत’ ही चळवळ उभी केली. तिचा नियम असा कीं, पाणी जमिनीच्या मालकीप्रमाणें न वांटतां माणसांच्या संख्येप्रमाणें वांटावें : माणशीं अर्ध्या एकरापुरतें, व कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें. भूमिहीनांसही पाण्यांत वांटा. आणि ऊस कोणींच लावावयाचा नाहीं. पाणी हें देवाचें देणें असें आपण सर्वच म्हणतों; या पंचायतीनें तें वांटणीच्या कागदावर उतरविलें.

दुसरें उदाहरण नगर तालुक्यांतील हिवरे बाजारचें. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार हे तरुण गृहस्थ तेथें सरपंच झाले. पाणलोटाचीं कामें तेथेंही झालीं. परंतु अनेक गांवांतून जें झालें नाहीं तें तेथें झालें. शेतीसाठीं बोअर घ्यावयाचें नाहीं, आणि ऊस-केळीं लावावयाचीं नाहींत, असे ठराव ग्रामसभेनें केले व पाळले. दरवर्षीं पावसाळा संपतांच पडलेला पाऊस व विहिरींची पातळी पाहून पाण्याचें अंदाजपत्रक ग्रामसभेपुढें मांडण्याची वहिवाट तेथें पडली : प्रथम पिण्याचें पाणी, मग गुरांचें, आणि उरेल त्यांतून शेती. पाऊस कमी, तर पिकें कमी. पोपटरावांस २०२० सालीं पद्मश्री देऊन गौरविण्यांत आलें. परंतु खरा गौरव आहे तो स्वतःस नियम घालून घेणाऱ्या ग्रामसभेचा.

शिक्षण अपुरें राहतें तेथें

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीं तर हा लेख स्तुतिपाठ होईल. पाणलोटाचें उत्तम काम झालेल्या कित्येक गांवांत दहा-पंधरा वर्षांत टँकर पुन्हा दिसूं लागले. कारण असें कीं, विहिरीस पाणी चढलेलें पाहून ज्याच्याजवळ पैसा होता त्यानें बोअर खोल नेलें, आणि शेजाऱ्यानें त्याहून खोल नेलें. श्रम सर्वांनीं केले होते; फळ मात्र ज्याचें बोअर खोल त्याचें. शेततळ्यांचेंही तसेंच. शेतांत पडणारा पाऊस सांठविण्यास तीं उत्तम. परंतु प्लास्टिकचें अस्तर घालून हिवाळ्यांत बोअरच्या पाण्यानें तीं भरलीं कीं जमिनीखालीं सुरक्षित असलेलें सर्वांचें पाणी एकाच्या तळ्यांत येऊन उन्हानें वाफ होऊं लागतें. येथें मापाचा पाठ झालेला असतो, श्रमाचाही झालेला असतो. नियमाचा पाठ राहून गेलेला असतो.

शमन व अनुकूलन यांची जोड नीट न घातल्यास काय होतें, याचें उदाहरण सौर पंपांत आहे. डिझेल अथवा कोळशाच्या विजेऐवजीं सूर्याच्या प्रकाशावर पंप चालावा, हें शमनाच्या दृष्टीनें सर्वथा इष्ट. केंद्र सरकारची पीएम-कुसुम योजना २०१९ सालापासून त्यास साहाय्य करीत आहे. परंतु डिझेल विकत आणावें लागत असे म्हणून शेतकरी पंप वेळीं बंद करी. सूर्याचें बिल येत नाहीं. तेव्हां पंप सकाळपासून सायंकाळपर्यंत चालूं शकतो. हवेंतील धूर कमी झाला, पण विहीर आटली, असें व्हावयाचें नसेल, तर सौर पंपाबरोबर पाण्याचें अंदाजपत्रकही गांवांत आलें पाहिजे. एकाच ग्रामसभेंत दोन्ही विषय एकदम मांडावे, असें आमचें मत आहे.

येथें कोणी विचारील कीं, धूर केला मोठमोठ्या राष्ट्रांनीं. मग आमच्या खेड्यानें झाडें लावून काय होणार? प्रश्न रास्त आहे. भारतांतील दरडोई कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा वांटा त्याहून पुष्कळ अल्प. म्हणून त्याच्या माथीं दोष मारणें अन्यायाचें होईल. परंतु सुदैवाची गोष्ट ही कीं, खेड्यांतील पुष्कळशीं शमनाचीं कामें त्याच्याच हिताचीं आहेत. उतारावर वाढविलेलें झाड हवेंतील कर्ब धरतें, तेंच मातीही धरतें. शेणखत व पालापाचोळा जमिनींत गेला कीं कर्ब मातींत राहतो, आणि तीच माती ओल अधिक दिवस टिकविते. गोबरगॅसनें लांकूड वांचतें, तसे माउलीचे डोळेही धुरापासून वांचतात. जगाचें कर्ज फेडण्यासाठीं म्हणून नव्हे, तर आपलें घर सांवरण्यासाठीं म्हणून हीं कामें करावीं. जगाचें भलें त्यांत आपोआप होतें.

शाळेचें कर्तव्य

अशा शिक्षणांत शाळेचें स्थान कोणतें ? नियम करणें हें ग्रामसभेचें काम; मुलांनीं तें करावें अशी अपेक्षा धरणें योग्य नव्हे. परंतु नियम ज्या आंकड्यांवर उभा राहतो ते आंकडे खरे, नियमित व निःपक्षपाती असले पाहिजेत. आणि हें काम शाळेइतकें चांगलें दुसरें कोण करील? मुलांस ना बोअर घ्यावयाचें असतें, ना निवडणूक लढवावयाची असते.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक वर्गानें आपल्या गांवांत एक पर्जन्यमापक ठेवावा, आणि पावसाळ्यांत रोज सकाळीं साडेआठ वाजतां, म्हणजे वेधशाळेच्या वेळेसच, पाऊस मोजून लिहावा. गांवांतील पांच विहिरी निवडून दर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्यांची पातळी, दोरीस दगड बांधून कां होईना, मोजावी. मोठ्या माणसावांचून विहिरीच्या कांठावर मात्र कोणीं जाऊं नये. कोणत्या महिन्यांत कोणत्या घरीं पाणी किती दुरून आणावें लागतें, हें मुलींनीं आपल्या आयांस विचारून नोंदावें. कारण पाण्याचा भार ज्यांच्या डोक्यावर असतो त्यांचें म्हणणें ग्रामसभेच्या टिपणांत क्वचितच येतें. या सर्वांची एक वही करावी, ती वर्गाबरोबर पुढें न जातां शाळेंत राहावी, आणि येणाऱ्या वर्गानें ती चालवावी. एका वर्षाच्या वहीस फारसा अर्थ नाहीं. दहा वर्षांच्या वहीस गांवांत कोणीही खोटें म्हणूं शकणार नाहीं. दिवाळीपूर्वींच्या ग्रामसभेंत त्या वर्षींचे आंकडे वर्गांतील एका मुलानें व एका मुलीनें उभें राहून वाचावे. तेथें उपदेश करूं नये. आंकडे वाचून खालीं बसावें. पुढील विचार वडीलधारे करितील.

यानें पाऊस वाढणार नाहीं, किंवा हवेंतील धूरही एका वर्षांत निवळणार नाहीं. परंतु ज्या गांवास आपलें पाणी किती आहे हें ठाऊक आहे, ज्यानें तें हातांनीं सांठविलें आहे, आणि ज्यानें तें वांटून घेण्याचा नियम केला आहे, त्या गांवावर अवर्षण आलें तरी दसऱ्यानंतर घरांस कुलुपें लागण्याची पाळी सहसा येत नाहीं. पृथ्वी ही मनुष्यास कारभार पाहण्यासाठीं सोंपविलेली आहे अशी आमची श्रद्धा आहे. आणि कारभाऱ्याकडून पहिली अपेक्षा असते ती ही कीं, त्याचा हिशेब लिहिलेला असावा. तो लिहिण्यास विद्यार्थ्यांनीं येत्या मृगापासून आरंभ करावा, अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.